वेठीचे यंत्र

रोबोटविषयीची बहुतेक सार्वजनिक चर्चा दोन प्रश्नांभोवती फिरते. हे यंत्र माणसासारखे कधी होणार, हा पहिला. आणि ते माणसाची जागा घेणार का, हा दुसरा. पहिल्यात कुतूहल आहे, दुसऱ्यात धास्ती. परंतु दोहोंच्या बुडाशी गृहीतक एकच आहे, ते असे की रोबोट म्हणजे माणसासमोर येऊन उभा राहिलेला कोणी दुसरा जीव, आणि आता या दोघांचे कसे जुळते किंवा कुठे बिनसते एवढेच पाहायचे उरले आहे. चित्रपट आणि विज्ञानकथा या गृहीतकावर जगतात, त्यात नवल नाही. पण समाजशास्त्राच्या आणि मानवशास्त्राच्या नावाने होणारा रोबोटचा अभ्यासही पुष्कळदा ‘माणूस आणि रोबोट यांचे नाते’ अशा मथळ्याखाली तेच मुकाट्याने स्वीकारतो.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की ही मांडणी उथळ आहे. रोबोट हे एका माणसाचे काम दुसरीकडे सरकवण्याच्या व्यवस्थेचे नाव आहे. ज्याला रोबोटशी असलेले नाते म्हणतात ते नीट उलगडून पाहिले तर काम सांगणारा, ते करणारा, यंत्र बनवणारा आणि ते निस्तरणारा अशा माणसामाणसांतले नाते निघते, आणि मध्ये यंत्र उभे असल्यामुळे त्यांना एकमेकांची तोंडे दिसत नाहीत. म्हणून कोणत्याही रोबोटविषयी विचारण्याजोगा पहिला प्रश्न तो किती माणसासारखा आहे हा नसून, त्याने कोणाची वेठ उचलली आणि त्याच्यापायी कोणाच्या मानेवर नवी वेठ बसली, हा आहे. ‘वेठ’ हा शब्द येथे जुन्या, काटेकोर अर्थाने योजला आहे: मोबदल्याविना किंवा नावापुरत्या मोबदल्यावर करावे लागणारे, आणि नाकारण्याची सोय नसलेले काम.

१. भाषांतरात हरवलेली वेठ

हा शब्द बाहेरून आणून चिकटवलेला नाही. कारेल चापेक या चेक लेखकाचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगभूमीवर आले. कृत्रिम कामगारांसाठी चापेकच्या मनात लॅटिनवरून घडवलेला एक शब्द होता, तो त्याला पुस्तकी वाटत होता. तेव्हा त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने ‘रोबोट’ हा शब्द सुचवला. त्याचे मूळ ‘रोबोता’, म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर ठरावीक दिवस सक्तीने करायचे काम. हॅब्सबर्ग साम्राज्यात ही पद्धत १८४८ साली रद्द झाली, त्यामुळे चापेकच्या प्रेक्षकांच्या आजोबा-पणजोबांनी ती सोसलेली होती आणि त्यांच्या कानांना तो शब्द नवलाचा वाटण्याऐवजी ओळखीचा आणि कडू लागला असला पाहिजे. मराठीत ‘रोबोता’ला एकच चपखल शब्द आहे, तो म्हणजे वेठ.

मराठीने मात्र ‘यंत्रमानव’ हा शब्द घडवला. या समासात वेठ कुठेच नाही. तेथे यंत्र आहे आणि मानव आहे, आणि दोघांना जोडून ठेवल्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धातूचा, दोन पायांचा, बहुधा चौकोनी डोक्याचा एक पुतळा उभा राहतो. प्रत्यक्षात कारखान्यांत काम करणाऱ्या बहुतेक रोबोटांना ना डोके असते ना पाय. असा रोबोट म्हणजे जमिनीला बोल्टने जखडलेला एक हात असतो. ‘यंत्रमाग’ हा शब्द याच्या तुलनेत किती प्रामाणिक आहे पाहा! इचलकरंजीत किंवा मालेगावात कोणी यंत्रमागाकडे पाहून त्याला भावना असतील का असे विचारत नाही. एका कामगाराने किती माग सांभाळायचे आणि पगार किती, हेच विचारले जाते.

चापेकला मात्र चेहऱ्याच्या प्रश्नातला पोकळपणा कळलेला होता. त्याच्या नाटकातले रोबोट लोखंडाचे नाहीतच, ते रासायनिक द्रव्यांपासून बनवलेले, हाडामांसाचे दिसणारे आहेत. त्यांच्या मुक्तीसाठी कारखान्यावर आलेली हेलेना ही तरुणी आधी तिथल्या रोबोट कारकुनीणीला माणूस समजते आणि मग कंपनीच्या जिवंत संचालकांना रोबोट समजून त्यांना बंडाची चिथावणी देते. शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाचा असा फार्स झालेला असताना, १९७० साली मासाहिरो मोरी या जपानी अभियंत्याने मांडलेली ‘विचित्रतेची दरी’ ही कल्पना, म्हणजे जवळजवळ माणसासारख्या पण पूर्णपणे तशा नसलेल्या आकृतीची माणसाला शिसारी येते हे निरीक्षण, रोबोटच्या सांस्कृतिक अभ्यासात एवढी जागा कशी बळकावून बसली, याचेच आश्चर्य वाटते. मोरीचे निरीक्षण उपयोगाचे आहे, पण ते दिसण्याविषयी आहे, आणि वेठ दिसण्यावर ठरत नाही.

२. कुंपणाच्या आतली शिकवणी

पहिला औद्योगिक रोबोट ‘युनिमेट’ १९६१ साली अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातल्या एका मोटार कारखान्यात कामाला लागला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून बाजूला ठेवणे हे त्याचे काम. म्हणजे माणसाच्या अंगावरची एक खरोखरीची धग त्याने उचलली, आणि हे मान्य केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु रोबोट माणसाचे काम ‘घेतो’ या शब्दप्रयोगात जे दडते ते वेल्डिंगच्या कोणत्याही सेलमध्ये जवळून पाहता येते. येथे ‘सेल’ म्हणजे जाळीच्या कुंपणाने बंदिस्त केलेली रोबोटची जागा.

या रोबोटला हालचाल आपोआप येत नाही, ती शिकवावी लागते, आणि कामगारांच्या तोंडीही ‘शिकवणे’ हाच शब्द असतो. शिकवणारा माणूस ‘टीच पेंडंट’ नावाची, पडदा आणि बटणे असलेली जाडजूड पाटी हातात घेऊन कुंपणाच्या आत जातो, रोबोटचा हात सेकंदाला २५० मिलिमीटरांहून अधिक नसलेल्या मंद गतीने एकेका बिंदूपाशी नेतो, वेल्डिंगची टॉर्च कोणत्या कोनात धरायची, सांध्यापासून किती अंतर राखायचे, कोपऱ्यावर वेग किती उतरवायचा हे नजरेने ठरवतो आणि प्रत्येक बिंदू साठवतो. ज्याने स्वतः हाताने वेल्डिंग केलेले आहे त्याला हे लवकर साधते, कारण वितळलेल्या धातूच्या थेंबाची वागणूक त्याच्या मनगटाला आधीच माहीत असते. म्हणजे यंत्राच्या स्मृतीत उतरते ते एका कामगाराचे अनेक वर्षांत कमावलेले कसब. ते एकदा उतरले की कारखान्याचे होते, आणि त्याच्यामागून लागणाऱ्या कामगाराला कमी कसबाचा म्हणून कमी पगारावर ठेवता येते.

त्या पेंडंटच्या पाठीमागे एक कळ असते. ती अलगद दाबून धरली तरच रोबोट हलतो. सोडली तर थांबतो, आणि घट्ट आवळली तरीही थांबतो. पूर्वीच्या कळींना दोनच स्थिती असत, धरलेली आणि सोडलेली. घाबरलेला माणूस दर वेळी हातातली वस्तू टाकून देत नाही, पुष्कळदा ती मुठीत आवळून धरतो, हे लक्षात आल्यावर तिसरी स्थिती आली. रोबोटच्या अभ्यासात माणसाच्या भयाविषयी जे काही लिहिले गेले आहे, त्यात या कळीइतके नेमके फारसे काही नसेल. आणि ती घडवताना कोणी रोबोटच्या मनाचा विचार केलेला नाही, विचार केला तो आत उभ्या असलेल्या माणसाच्या मुठीचा.

कुंपण नसेल किंवा ओलांडावे लागत असेल तर काय होते, हेही नोंदलेले आहे. १९७९ साली मिशिगन राज्यातल्या एका ओतशाळेत सुटे भाग काढून देणारी यांत्रिक यंत्रणा नीट काम करीना, तेव्हा एका कामगाराला फडताळावर चढून ते भाग हाताने काढायला सांगण्यात आले, आणि त्या यंत्रणेचा हात मागून लागून तो ठार झाला. रोबोटच्या हातून झालेला पहिला मृत्यू म्हणून ही घटना सांगितली जाते. तारीख २५ जानेवारी, चापेकच्या नाटकाच्या त्या प्रयोगाचीच. योगायोगाला अर्थ चिकटवण्याचे कारण नाही, पण घटनेच्या तपशिलाला आहे: यंत्राने माणसावर बंड केले नव्हते, यंत्र कमी पडले म्हणून माणसाला त्याच्या जागी पाठवले होते.

३. जपानचे कोडे: श्रद्धा की सुटे भाग?

रोबोट आणि संस्कृती यांचा विषय निघाला की जपानचे नाव येते, आणि पाठोपाठ ठरलेले उत्तर येते: शिंतो आणि बौद्ध परंपरेमुळे जपानी लोक निर्जीव वस्तूंतही प्राण पाहतात, म्हणून त्यांना रोबोट आपलासा वाटतो. पुरावा म्हणून हटकून ‘आयबो’चे अंत्यविधी सांगितले जातात. सोनी कंपनीने १९९९ साली आयबो हा यांत्रिक कुत्रा अडीच लाख येनांना विकायला काढला, तेव्हा जपानसाठीचे ३,००० नग सुमारे वीस मिनिटांत संपले. २००६ साली उत्पादन थांबले आणि २०१४ साली दुरुस्ती सेवाही बंद झाली. त्यानंतर चिबा प्रांतातल्या इसुमी येथील कोफुकुजी या बौद्ध मंदिरात निकामी आयबोंसाठी विधी होऊ लागले. ओळीने मांडलेले कुत्रे, त्यांच्या गळ्यात मालकाचे नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी, समोर मंत्र म्हणणारा भिक्षू.

ही छायाचित्रे जगभर छापली गेली, पण त्यातली शेवटची पायरी मथळ्यांत क्वचित आली. विधी झाल्यावर ते कुत्रे उघडले जातात आणि त्यांचे सुटे भाग दुसऱ्या आजारी आयबोंना बसवले जातात. हे काम सोनीतून बाहेर पडलेल्या तंत्रज्ञांची एक लहानशी कंपनी करते; नवे भाग मिळत नसल्यामुळे दान आलेला कुत्रा हाच तिचा एकमेव साठा. विधी जुना आहे, मोडलेल्या सुयांसाठी आणि बाहुल्यांसाठी जपानात तो पूर्वापार होतोच. पण या कुत्र्यांच्या वाट्याला तो यावा याचे तात्कालिक कारण कुठल्याही धर्मग्रंथात नसून एका कंपनीने दुरुस्तीचा विभाग बंद केला यात आहे. ज्या वस्तूवर जीव लावायला शिकवले ती वस्तू जगवण्याची जबाबदारी विकणाऱ्याने सोडली, आणि ती मालकावर, निवृत्त तंत्रज्ञावर आणि भिक्षूवर येऊन पडली. अमेरिकेत २०१९ साली ‘जिबो’ या घरगुती रोबोटने आपला सर्व्हर लवकरच बंद होणार असल्याचे स्वतःच्याच तोंडाने मालकांना सांगितले, तेव्हा तेथे शिंतो परंपरा नसतानाही लोकांना तसेच चटका लावणारे दुःख झाले.

वस्तूची पूजा म्हणजे वस्तूत प्राण मानणे, हे समीकरण तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही कामगाराला पटू नये. खंडेनवमीला लेथ पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घातला जातो. म्हणून लेथला मन आहे असे हार घालणारा मानत नाही. त्याहून बोलके उदाहरण पोळ्याचे. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, म्हणजे जुवाने घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. दुसऱ्या दिवशी झूल, शिंगांना रंग, पुरणपोळीचा घास. बैल तर खरोखर सजीव आहे, त्याला दुखते हे कळते म्हणूनच तूप चोळले जाते, आणि तरीही सण सरला की त्याच खांद्यावर जू चढते. आदर आणि वेठ एकाच खांद्यावर नांदू शकतात. एकाच्या पुराव्याने दुसरी नसल्याचे सिद्ध होत नाही.

जेनिफर रॉबर्टसन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी ‘रोबो सेपियन्स जपानिकस’ या २०१७ च्या ग्रंथात जपानी रोबोटप्रेमाच्या मागचे राजकारण दाखवले आहे. २००७ साली शिंझो आबे यांच्या सरकारने ‘इनोव्हेशन २५’ हा भविष्याचा आराखडा मांडला. त्यात २०२५ सालच्या एका कल्पित कुटुंबाचे चित्र होते, आजी-आजोबा, आई-वडील, मुले आणि घरकामाला एक रोबोट. रोबोट नवा, पण घर जुनेच: शुश्रूषेची जबाबदारी बाईकडे, आणि तिच्या मदतीला परदेशी मोलकरणीऐवजी यंत्र. स्थलांतरितांना दार उघडायचे की नाही, हा अवघड राजकीय प्रश्न येथे तंत्रज्ञानाच्या कपड्यांत येऊन बसला होता.

४. शुश्रूषेचा हिशेब

त्या चित्राचे प्रत्यक्षात काय झाले, याची नोंद जेम्स राइट यांच्या २०२३ च्या पुस्तकात आहे. त्याचे नावच ‘रोबोट जपानला वाचवणार नाहीत’ अशा अर्थाचे आहे. एका वृद्धाश्रमात त्यांनी तीन रोबोट कामात असताना पाहिले: रुग्णाला उचलणारा, ‘पेपर’ हा बोलका रोबोट, आणि ‘पॅरो’ हे सीलचे पिल्लू. पॅरोचे जनक ताकानोरी शिबाता यांनी सील निवडला तो विचारपूर्वक; कुत्र्या-मांजराची वागणूक माणसाला पाठ असते, नकलेतली चूक लगेच पकडली जाते, तर सीलचे पिल्लू कोणी पाळलेले नसते. ही युक्ती खरोखर सुंदर आहे, आणि पॅरोच्या स्पर्शाने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना शांत वाटते हेही खोटे नाही.

पण राइट यांनी पाहिले ते असे, की उचलणारे यंत्र आणायला, लावायला, परत ठेवायला वेळ जाई. पॅरोवर कोणीतरी नजर ठेवावी लागे. आणि पेपर व्यायाम शिकवत असताना वृद्धांनी तो करावा म्हणून एका सेविकेला त्याच्या शेजारी उभे राहून त्याच हालचाली कराव्या लागत. शेवटच्या दृश्यात सारा विषय सामावलेला आहे. कार्यक्रम पेपरचा, टाळ्या पेपरला, आणि प्रत्यक्ष व्यायाम घेते ती सेविका. तिच्या कामाचे नाव मात्र आता ‘मदत’ झालेले. राइट यांचा निष्कर्ष आणखी बोचरा आहे: यंत्रामुळे माणसे कमी लागणार नाहीत, तर बोलण्याचा आणि ओळख राखण्याचा कुशल भाग यंत्राकडे गेला असे दाखवून उरलेले अंगमेहनतीचे काम कमी पगाराच्या स्थलांतरितांकडे सोपवणे सोपे होईल. ज्या स्थलांतरितांना टाळण्यासाठी यंत्र आणले, त्यांना स्वस्तात आणण्याची सोय त्याच यंत्राने व्हावी!

५. एकच यंत्र, दोन नाती

दुरून चालवल्या जाणाऱ्या दोन रोबोटांची तुलना येथे उपयोगी पडते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या परिसरात खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या ‘किवी’ या लहानशा चाकांच्या रोबोटांचे मोठे कौतुक झाले. २०१९ साली उघड झाले ते असे, की कोलंबियातली तरुण मुले पडद्यासमोर बसून, ताशी दोन डॉलरांच्या आसपास पगारावर त्यांना मार्ग दाखवत होती. याउलट तोक्योच्या निहोनबाशी भागात २०२१ साली कायमस्वरूपी सुरू झालेल्या ‘डॉन’ या उपाहारगृहातले ‘ओरिहिमे’ रोबोट अंथरुणाला खिळलेली किंवा घराबाहेर पडू न शकणारी माणसे आपापल्या घरून चालवतात. ओरिहिमे टेबलाशी आला की चालवणारा आपले नाव सांगतो, कुठून बोलतो आहे ते सांगतो, गिऱ्हाईक त्याच्याशी गप्पा मारते.

तांत्रिकदृष्ट्या दोन्हींत फारसा फरक नाही: कॅमेरा, जाळे, दूरवरचा माणूस. पहिल्या ठिकाणी माणूस लपला तेवढा धंदा चालतो, दुसऱ्या ठिकाणी माणूस दिसला तरच. यंत्राच्या अंगाने कितीही बारकाईने पाहिले तरी हा फरक सापडणार नाही.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप भारतातल्या वाचकाच्या ओठांवर आधीच असेल: वेठीचा एवढा विचार करायचा, तर यंत्राने वेठ संपते हे सरळ का मान्य करू नये? केरळातल्या जेनरोबोटिक्स कंपनीचा ‘बॅन्डीकूट’ २०१८ पासून तिरुवनंतपुरमच्या मॅनहोलमध्ये उतरतो. त्याचे पाय आणि बादली आत जातात, चालवणारा वर पडद्यापाशी उभा राहतो. माणूस विषारी वायूत उतरत नाही, याहून मोठे काय?

आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला बाबासाहेब आंबेडकरांचे पाठबळ आहे. १९४५ च्या ग्रंथात गांधीविचारावर टीका करताना त्यांनी यंत्राची बाजू ठामपणे घेतली होती: पशुवत कष्टांतून सुटका झाल्यावाचून फुरसत नाही, फुरसतीवाचून संस्कृती नाही, आणि यंत्रावाचून सामान्यांना फुरसत नाही. ज्या समाजाने महार वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या गावाची वेठ एका जातीवर लादली, त्या समाजात यंत्राविषयी हळवी कुरकुर करणे हा ज्यांनी वेठ केली नाही त्यांचा छंद आहे. परंतु आंबेडकरांच्या त्याच युक्तिवादाचा दुसरा अर्धा भाग सहसा सोडून दिला जातो. यंत्रापासून होणारे अनिष्ट हे यंत्राचे नसून खासगी मालकीवर उभ्या असलेल्या समाजरचनेचे आहे, असे त्यांनी म्हटले होते. मैला उपसण्याच्या प्रथेवर पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला, दुसरा २०१३ साली. पाण्याच्या झोताने गटार साफ करणाऱ्या गाड्या बॅन्डीकूटच्या कितीतरी आधीपासून उपलब्ध होत्या. तरीही २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर न्यावी लागली. इतकी वर्षे माणूस उतरत होता तो यंत्र नव्हते म्हणून नव्हे. उतरणारा माणूस कोणत्या जातीचा हे ठरलेले होते आणि तो स्वस्त होता, म्हणून यंत्र घेतले जात नव्हते. बॅन्डीकूटचे मोल त्याच्या पायांवर ठरणार नाही. पडद्यापाशी कोण उभा आहे, तो कायम नोकरीत आहे की ठेकेदाराकडे, आणि यंत्र बिघडलेल्या दिवशी दोर बांधून कोणाला खाली सोडतात, यावर ते ठरेल.

दुसरा आक्षेप भविष्याचा आहे. भाषा वापरणारी नवी यंत्रे खरोखर संवाद करतात, उद्या त्यांना जाणीवही येईल, तेव्हा त्यांना श्रमाच्या व्यवस्थेत कोंबणे हाच अन्याय ठरेल, असे म्हटले जाते. याला उत्तर थोडक्यात देता येते. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेला ‘एलिझा’ हा संगणक-कार्यक्रम समोरच्याचीच वाक्ये उलटवून प्रश्न विचारी, एवढेच; तरी त्यांच्या सेक्रेटरीने, जिला तो कसा बनला हे ठाऊक होते, त्याच्याशी बोलताना वायझेनबॉम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. जिव्हाळा यंत्रापेक्षा बोलणाऱ्याच्या गरजेतून येतो आणि तो खरा असतो. जाणिवेचा प्रश्न खुला ठेवायला हरकत नाही; पण उद्या जाणीव आलीच, तरी ती बाळगणारे यंत्र कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या सर्व्हरवर असेल, हा प्रश्न तेव्हाही आजच्याच जागी असेल, आणि बैलाचे उदाहरण सांगते की समोरच्याला दुखते हे कळल्याने जू आपोआप उतरत नाही.

२०१७ च्या गणेशोत्सवात पुण्यातल्या एका यांत्रिक हाताने गणपतीची आरती ओवाळली, त्याची चित्रफीत घरोघरी पाहिली गेली, आणि यंत्राने केलेली आरती देवाला पोचते का यावर वाद रंगले. ते निरांजन कोणत्या उंचीवर, किती वेगाने फिरवायचे म्हणजे ज्योत विझत नाही, हे पेंडंट हातात घेऊन कोणीतरी बिंदू-बिंदूने शिकवलेले असणार. वादात त्याचा उल्लेख नव्हता. खंडेनवमीला सेलमधल्या रोबोटला हार घालायचा तर कुंपणाचे दार उघडावे लागते, आणि दार उघडताच रोबोट जागच्या जागी थांबतो. तेवढ्याने भागत नाही. सुरक्षेच्या नियमानुसार आत जाणाऱ्याने वीज तोडून खटक्याला स्वतःचे कुलूप घालायचे असते आणि किल्ली मुकादमाकडे किंवा शेजाऱ्याकडे न देता आपल्याच खिशात ठेवायची असते. दोघे आत गेले तर कुलपे दोन लागतात.